मदत हवी आहे: ७/१२ वर 'इनाम वर्ग ६ब', ताबा आमच्या घराचा. मूळ वतनदार कसे शोधायचे?

नीराकाठ
सातारा जिल्ह्यातली वडिलोपार्जित शेती. चालू ७/१२ वर भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), इतर हक्कात 'इनाम वर्ग ६ब'. शिवाराला घरात 'हाडकी' म्हणतात. 'पणजोबांनी रोख मोजून घेतली' यापलीकडे कुणी बोलत नाही. जमीन कुणाची होती, आमच्याकडे कशी आली आणि ते घर आज कुठे आहे, हे कागदांवरून शोधायचंय. हातात फक्त गट नंबर आहे.

जुनेदप्तर
हाडकी-हाडोळा म्हणजे महारकीचीच जमीन, गावकामाच्या मोबदल्यात महारांना मिळालेलं वतन. ६ब हा वर्गही त्याच इनामांचा, तेव्हा शंका नको.

गट नंबर घेऊन जुन्या दप्तरात गेलात तर हात हलवत परत याल. एकत्रीकरणाआधीचे, म्हणजे तुकडे जोडून गट पाडण्याआधीचे, कागद सर्व्हे नंबरवर आहेत. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा ९(३), ९(४) चा उतारा काढा, त्यात जुना सर्व्हे-हिस्सा नंबर मिळेल. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात कडईपत्रक (७/१२ च्या आधीचा उतारा), मिळतील तितके जुने ७/१२ आणि त्यांवर वर्तुळात नंबर लिहिलेले सगळे फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) मागा. पीकपाहणीची बाजू (कोण कसत होतं ती) नकलेत आली आहे ना, हे काउंटरवरच तपासा. तुमचं उत्तर बहुधा तिथेच आहे.

चार तारखा शेजारी-शेजारी मांडा: तुमच्या घरचं नाव कसणारा म्हणून पहिल्यांदा आलं ती, १ ऑगस्ट १९५९, रिग्रँटचा (जमीन वतनदाराला परत देण्याचा) आदेश आणि खरेदीखत. १८७४ च्या वतन कायद्याने सरकारी मंजुरीवाचून वतनी जमीन वतनदारांबाहेर कायमची जाऊच शकत नव्हती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतनं १९५९ पासून रद्द झाली, जमिनी सरकारजमा झाल्या. आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ३ पट रक्कम भरली की वतनदाराला त्या परत मिळायच्या, पण नवीन शर्तीवर: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही, वाटप नाही. म्हणजे पहिली तारीख १९५९ आधीची निघाली आणि सरकारी मंजुरी नसेल, तर 'रोख मोजून' जे घेतलं ती खरेदी नव्हे. बहुधा गहाण किंवा मक्ता (ठरावीक खंडाने कसायला घेणं) असणार.

आकार ४ रुपये असेल तर भरायचे १२. ते कुणी भरले, हे फेरफारात किंवा चलनावर बघा. भरणारा वतनदार नसून कसणाराच निघाला, तर पुढचं फार शोधावं लागत नाही.

मोडीवाचक
नावांबद्दल. पाटील-कुलकर्ण्यांची नावं 'राव', 'पंत' लावून, आणि त्याच पानावर 'राघ्या बिन येश्या महार'. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, आडनाव नाही. बाईचं नाव 'कोम' लावून, म्हणजे अमक्याची बायको. कधी तर नुसतं 'समस्त महार'. वतनाची पाळी घरांत फिरायची, त्यामुळे एकाच नावावर थांबू नका, वारसाचे फेरफार काढून सगळे हिस्सेदार लिहून घ्या. राघ्या, राघू, रघुनाथ एकच असू शकतो, पण बापाचं नाव आणि हिस्सा दोन्ही जुळल्याशिवाय धरू नका.

पुढची पिढी गाव नमुना १४ (जन्म-मृत्यू) आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडते. १९५६ नंतर जातीच्या रकान्यात 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' येतं, पुष्कळदा आडनावही बदलतं. तिथे 'महार' शोधत बसलात की साखळी तुटलीच.

मोडी कागदावर जुनी कालगणना असते. इसवी सन काढायला फसली सन असेल तर ५९० मिळवा, शुहूर असेल तर ५९९. वर्ष जानेवारीत नाही, मृगाच्या सुमारास बदलतं. इंग्रजी अमलाआधीचं हवं असेल तर पुणे पुरालेखागार.

नीराकाठ
दोघांचेही आभार. रिग्रँटची फाईल 'सापडत नाही' म्हणाले तर?

जुनेदप्तर
म्हणतीलच. तोंडी उत्तरावर परत फिरू नका. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा आणि फाईलसोबत नष्ट केलेल्या अभिलेखांची यादीही मागा. उत्तराला ३० दिवस. दरम्यान शेजारच्या ६ब गटांचे फेरफार काढा, एकाच आदेशात गावातले बरेच नंबर असू शकतात.

परवानगीविना खरेदी निघाली तर ते शर्तभंगाचं प्रकरण आहे. भाऊबंदांना हे आधीच सांगा. आणि प्रत्येक प्रमाणित नकलेच्या दोन प्रती घ्या, दुसरा संच वारसांना द्यायला.