तेओतिवाकानच्या चित्रांत राजा का दिसत नाही?

प्रश्न (नागपूरची अध्यापिका):
वाकाटकांच्या काळी मेक्सिकोत नांदत असलेल्या तेओतिवाकान नगराविषयी शिकवताना एक प्रश्न मला सतत पडतो. आपल्या नगरधनच्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्ताची मातीची मुद्रा मिळते, अजिंठ्याच्या १६व्या लेण्यात मंत्री वराहदेव वाकाटक राजांची वंशावळ कोरून ठेवतो. त्या लाखभर वस्तीच्या नगरात मात्र एकाही राजाचे नाव किंवा निःसंदिग्ध चित्र नाही. तिथे राजेशाहीच नव्हती, असे म्हणावे का?

उत्तर १:
मॅडम, तसे म्हणण्याची घाई करू नये. तिथले पिसाऱ्याच्या सर्पाचे, म्हणजे पिसे असलेल्या सर्पदेवाचे, मंदिर इ.स. २००च्या सुमारास उभारताना सुमारे २०० माणसांचा बळी दिला गेला. त्यांतील अनेकांचे हात पाठीमागे होते आणि काहींच्या गळ्यात माणसांच्या जबड्यांच्या माळा होत्या. काही जबडे तर शंखशिंपल्यांचे दात कोरून बनवलेले होते. एवढे घडवून आणणारी सत्ता दुबळी नसणार. पुढे चौथ्या शतकात याच मंदिराच्या दर्शनी शिल्पांपुढे नवा चौथरा बांधून ती बरीचशी झाकली गेली, यावरून सत्तेचे स्वरूप मध्येच पालटले असावे, असे काही अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते.

उत्तर २:
चित्रांतही अधिकार आहे, व्यक्ती नाही. पुरोहितांच्या मिरवणुकांत शिरोभूषण आणि वस्त्रे इतकी भव्य रंगवलेली असतात की चेहरा त्यांत हरवतो, हातांतून बिया आणि पाणी ओघळत असते, आणि एकाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखणे अवघड जाते. नगरातीलच तेपान्तित्ला या निवासी संकुलाच्या भिंतीवर मात्र मोठ्या दैवी आकृतीखाली इवलीशी माणसे चेंडू खेळतात, पोहतात, फुलपाखरांमागे धावतात आणि त्यांच्या तोंडातून बोलणे दाखवणाऱ्या वेलांट्या निघतात. विद्यार्थ्यांना हे चित्र अवश्य दाखवा.

प्रश्नकर्ती:
दाखवीन. पण अशा रंगवलेल्या भिंती सामान्यांच्या घरीही होत्या का?

उत्तर २:
सरसकट नव्हत्या. अनेक कुटुंबे एकत्र राहतील अशी २,०००हून अधिक वाडेवजा संकुले तिथे होती; त्यांतील काहींत उत्तम चित्रे आहेत, तर त्लाहिंगा भागातील कुंभारांची घरे बरीच साधी आहेत. दक्षिण मेक्सिकोतील ओआहाका प्रदेशातून आलेल्यांची स्वतंत्र वस्ती होती आणि त्यांनी आपल्या पद्धतीची भांडी व थडगी पिढ्यान्‌पिढ्या जपली.

उत्तर १:
यात एक भर घालतो. इ.स. ५५०च्या सुमारास नगराच्या मुख्य मार्गावरील मंदिरे आणि प्रासाद ठरवून जाळले गेले, राहती संकुले मात्र बहुतांशी वाचली. राजाचे चित्र नसले, तरी राग कोणावर काढायचा हे जाळणाऱ्यांना नेमके ठाऊक होते.