१९६४ ची शेव्हरले इम्पाला: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नेमका कोणता, आणि तो उघडावा का?

प्रश्न: इम्पाला_नाशिक

नमस्कार. आमच्या घरी वडिलांच्या काळापासून १९६४ ची शेव्हरले इम्पाला आहे. इंजिन सहा सिलिंडरचे मूळचेच आहे आणि गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे. लिव्हरच्या पट्टीवर पी (पार्क), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह), एल (लो) अशी अक्षरे आहेत. बरीच वर्षे शेडमध्ये उभी असलेली ही गाडी आता पुन्हा सुरू केली, तर डीमध्ये टाकल्यावर इंजिन नुसते रेस होते आणि गाडी उशिरा ओढते. पुढचा गिअर पडताना जोराचा झटका बसतो. गिअरबॉक्समधले एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) कमी होत जाते, पण जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. सायलेन्सरमधून मात्र पांढरा धूर येतो. रिव्हर्सला काहीच तक्रार नाही.

दोन गॅरेजांनी सांगितले की, हा गिअरबॉक्स काढून टाका आणि डिझेल इंजिन त्याच्या मॅन्युअल गिअरबॉक्ससह बसवा. मला गाडी मूळ स्वरूपातच ठेवायची आहे. हा गिअरबॉक्स कोणता हे खात्रीने कसे ओळखावे, आणि संपूर्ण ओव्हरहॉल करावाच लागेल का?

उत्तर: जुने_इंजिन

डिझेलचा सल्ला कृपया मानू नका. अशा किती तरी इम्पाला आपल्याकडे याच मार्गाने मूळपण गमावून बसल्या आहेत, आणि तुमच्या गाडीत बहुधा जो गिअरबॉक्स आहे तो दुरुस्तीला सर्वांत सोप्या गिअरबॉक्सांपैकी एक आहे.

सालावरूनच बरेच काही ठरते. शेव्हरलेचा टर्बोग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९६१ मध्ये बंद झाला होता, आणि तीन गिअरचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० शेव्हरलेच्या मोठ्या गाड्यांत १९६५ पासून आला. त्यामुळे १९६४ च्या इम्पालाला कारखान्यातून मिळणारा ऑटोमॅटिक म्हणजे दोन गिअरचा पॉवरग्लाइड. तरीही मधल्या साठ वर्षांत कोणी काय बदलले असेल याचा भरवसा नसतो, म्हणून गाडीखाली जाऊन पाहाच. १९६२ पर्यंत मोठ्या शेव्हरलेत पॉवरग्लाइडचे आवरण बिडाचे असे, १९६३ पासून ते ॲल्युमिनियमचे झाले. म्हणजे तुमच्या गिअरबॉक्सला चुंबक चिकटता कामा नये. ऑइल पॅनचे बोल्ट मोजा. ॲल्युमिनियम पॉवरग्लाइडला १४ असतात, तर टर्बो हायड्रामॅटिक ३५० आणि ४०० या दोघांनाही १३.

धूर आणि गायब होणारे तेल या दोन्हींचे मूळ बहुधा एकच आहे. गिअरबॉक्सच्या मागच्या भागात व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची छोटी डबी असते आणि तिला इंजिनच्या मॅनिफोल्डमधून (इंजिन ज्यातून हवा आत ओढते त्या भागातून) रबरी नळी येते. तिच्या आतला पडदा फाटला की इंजिन त्या नळीवाटे एटीएफ ओढून घेते आणि जाळते. व्हॅक्यूम नीट मिळत नसल्याने गिअरबॉक्समधला दाबही चढा राहतो, आणि झटका त्यामुळेच बसतो. नळी काढून आत बोट फिरवा. तेल लागले, तर मॉड्युलेटर बदला.

उत्तर: घाटमाथा

वरील उत्तराशी सहमत आहे, पण डीमध्ये सुटताना होणारी घसरण मॉड्युलेटरने पूर्णपणे उलगडत नाही. पॉवरग्लाइडमध्ये पहिला गिअर बँडवर (ड्रमभोवती आवळणाऱ्या पट्ट्यावर), वरचा गिअर क्लचवर आणि रिव्हर्स स्वतंत्र क्लचवर चालतो. रिव्हर्स उत्तम आणि सुटताना घसरण, याचा अर्थ पंप बहुधा ठीक आहे आणि संशय लो बँडवर किंवा तो आवळणाऱ्या सर्व्हो पिस्टनवर जातो. एलमध्येही तसेच घसरते का, ते तपासा.

बँडची ॲडजस्टमेंट गिअरबॉक्स न उतरवता होते. लॉकनट सैल करून स्क्रू ७० इंच-पाउंड, म्हणजे सुमारे ८ न्यूटन-मीटर, इतका आवळायचा आणि मग मोजून मागे फिरवायचा: ६,००० मैलांपेक्षा जास्त चाललेल्या बँडला चार पूर्ण फेरे, त्याहून कमी चाललेल्याला तीन. लॉकनट आवळताना स्क्रू हलू देऊ नका. हे करून पाहिल्याशिवाय ओव्हरहॉलचा विचारही करू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता: इम्पाला_नाशिक

चुंबक चिकटला नाही आणि बोल्ट १४ भरले. नळी आतून लाल तेलाने ओली होती. मॉड्युलेटर बदलल्यावर धूर थांबला आणि झटकाही गेला. एलमध्ये मात्र डीसारखीच घसरण आहे आणि बँड ॲडजस्ट करूनही फरक पडलेला नाही. पॅन उतरवला तेव्हा तळाशी काळा गाळ आणि अस्तराचे पातळ पापुद्रे मिळाले, आणि तेलाला करपल्याचा वास येत होता.

उत्तर: जुने_इंजिन

पापुद्रे दिसले म्हणजे आता उघडणे भाग आहे. पॉवरग्लाइड आजही ड्रॅग रेसिंगमध्ये (सरळ रस्त्यावरच्या वेगाच्या शर्यतींत) वापरला जात असल्याने त्याचे सुटे भाग अमेरिकेतून सहज मागवता येतात. मात्र मागवण्यापूर्वी उघडून पाहा, कारण इंजिनानुसार क्लच प्लेटची संख्या बदलते. १९६६ पर्यंतच्या पॉवरग्लाइडला मागचा पंपही असतो. गॅस्केट संच त्यासह मिळणारा घ्या.

ज्या ड्रमवर बँड आवळतो त्याचा पृष्ठभाग उजेडात नीट पाहा. त्यावर चरे पडले असतील किंवा निळसर जळके डाग असतील, तर नवा बँडही टिकणार नाही. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत पिस्टनचे रबरी सील दगडासारखे कडक झालेले असतात, म्हणून दिसायला चांगले असले तरी सगळे बदला. नव्या क्लच प्लेट बसवण्यापूर्वी किमान अर्धा तास एटीएफमध्ये बुडवून ठेवा. जोडणी करताना प्रत्येक पिस्टनच्या मार्गात कॉम्प्रेसरची हवा सोडून पाहा. पिस्टन सरकल्याचा ठक्क आवाज आला पाहिजे, नुसती हवा सुटल्याची सूसू नको.

टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) बसवताना घाई अजिबात करू नका. तो फिरवत फिरवत आत ढकला. पंपाच्या खाचेत शेवटी बसला की तो आणखी आत गेल्याचे हाताला स्पष्ट कळते. गिअरबॉक्स इंजिनाला टेकवल्यावर, फ्लेक्सप्लेटला (इंजिनाच्या मागच्या पातळ चकतीला) जोडण्याआधी, कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि दोहोंमध्ये थोडी फट राहिली पाहिजे. फट नसेल आणि बोल्टच्या जोरावर गिअरबॉक्स ओढून घ्यावा लागत असेल, तर तिथेच थांबून तो परत मागे घ्या, नाहीतर इंजिन सुरू होताच पंप फुटतो.

रेडिएटरच्या खालच्या टाकीतला एटीएफ कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्याशिवाय नवे तेल भरू नका, कारण जुना गाळ तिथेच साठलेला असतो. मूळ टाइप ए तेलाऐवजी आज डेक्सरॉन ३ दर्जाचे चालते. पातळी मात्र इंजिन बंद ठेवून पाहू नका. गिअरबॉक्स पूर्ण गरम झाल्यावर, लिव्हर न्यूट्रलमध्ये आणि इंजिन आयडलवर ठेवून डिपस्टिक पाहा.