हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलच्या औषधाच्या डोसवर शोधलं तर लेखांचा ढीग येतो, गाळायचा कसा?

कुरखेड्याची_सीएचओ: नमस्कार. माझ्या उपकेंद्रात सिकलसेलची बरीच लेकरं आहेत. एका पोराच्या बापानं विचारलं, "म्याडम, डोस वाढवला तं घडीघडी रक्त तपासाले गडचिरोलीले जा लागते. कमीवर नाही भागत का?" पबमेडवर (वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची) सिकल सेल आणि हायड्रॉक्सीयुरिया टाकलं तर हजारो लेख, उंदरांवरचेही. काय करू?

धानोरा_डॉक्टर: ताई, त्या बापानं अर्धा प्रश्न मांडूनच दिलाय. आता कागदावर लिहा. रुग्ण कोण? एसएस (आई-बाप दोघांकडून सिकल जनुक आलेली) मुलं. द्यायचं काय? किलोमागे 10 मिलिग्रॅम. ताडायचं कशाशी? 20 किंवा वाढवत नेलेल्या डोसशी. पाहायचं काय? दुखण्याचे झटके, रक्त चढवावं लागणं, पांढऱ्या पेशी घसरणं. रुग्ण, उपाय, तुलना, परिणाम या चार घरांनाच पुस्तकात पिको म्हणतात. शेवटच्या घरात नुसतं 'हिमोग्लोबिन एफ' (गर्भातलं हिमोग्लोबिन; सिकलचा त्रास कमी करतं, औषधानं वाढतं) लिहून थांबू नका. बापाले एफशी काय घेणं, पोरगं शाळेत गेलं पाहिजे!

पण चारही घरं सर्चच्या डब्यात कोंबू नका राजेहो. झटक्यांचा उल्लेख सारांशात नसला की कामाचा लेख गळतो. आजार आणि औषध, दोघांच्या मेश संज्ञा (लेखांना लावलेले ठरावीक विषय-शब्द) घ्या, मध्ये अँड, म्हणजे दोन्ही असलेलेच लेख येतील. मग मुलं आणि रँडमाइज्ड ट्रायल (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली चाचणी) हे फिल्टर. ताज्या लेखांना मेश लागलेलं नसतं, म्हणून तेच शब्द शीर्षकातही वेगळे शोधा.

सेवाग्राम_बॅच: डोसची थेट तुलना हवी तर युगांडातली 2020 ची नोहार्म-एमटीडी ही चाचणी वाचा, न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आहे. एका गटात डोस किलोमागे 20 च्या आसपास ठेवला, दुसऱ्यात 30 च्या आसपास नेला. वाढवलेल्यांना झटके कमी आले, औषधाचे दुष्परिणाम वाढले नाहीत. मात्र 10 चं उत्तर त्यात नाही. शिवाय आपल्याकडे अरब-इंडियन हॅप्लोटाइप (सिकल जनुकाचा एक प्रकार), एफ मुळातच जास्त. म्हणून 'इंडिया' जोडून आणखी एक शोध घ्या. 'भारतातला आजार सौम्य' हे वाक्य दिसलं की मात्र जरा थांबा. विदर्भातल्या पोरांचा त्रास काही कमी नसतो.

कुरखेड्याची_सीएचओ: आता वाचण्याजोगी यादी आली. भारतातले कमी डोसचे लेख आहेत, पण बहुतेकांत तुलनेला दुसरा डोसच नाही. तोवर बापाला काय सांगू?

धानोरा_डॉक्टर: डोस मनानं कमी करू नका म्हणा. आणि सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) तालुक्यालाच होऊन रिपोर्ट फोनवर डॉक्टरांना दाखवता येतो का, ते विचारा. त्याची खरी अडचण गडचिरोलीच्या फेऱ्यांची दिसते.