मदत हवी आहे: स्कोपस आणि गुगल स्कॉलरचा आकडा जुळेना, फॉर्म अडकलाय

गोदाकाठ_नांदेड
नमस्कार. स्कॉलरवर एच-इंडेक्स (पेपरांना मिळालेले संदर्भ मोजून काढलेला आकडा) १४ दाखवायलंय, स्कोपसवर (शोधनिबंधांचा डेटाबेस) ६. पेपरांची संख्या पण वेगळी. फॉर्मात कोणता टाकू? परवा शेवटची तारीख आहे. ऑफिसात विचारलं तर "वेबसाइट बघा" म्हणले. वेबसाइटच तर बघायलेय!

सेवानिवृत्त_सर
कशाचा फॉर्म? गाइडशिप, प्रोजेक्ट की कॅस (प्राध्यापकांची प्रमोशन योजना)? विषय कोणता? अर्धवट प्रश्न टाकून घाई करायची, ही नवीन पद्धत.

गोदाकाठ_नांदेड
व्हायरॉलॉजी. प्रमोशनचा.

उदगीरकर
मग एच-इंडेक्सच्या मागं कामून लागलात? २०१८ च्या यूजीसी नियमात पेपरचे गुण आहेत. विज्ञानात पेपरमागं ८, इम्पॅक्ट फॅक्टरचे (जर्नलला मिळणाऱ्या संदर्भांचा आकडा) वेगळे. दोनपेक्षा जास्त लेखक असले तर पहिल्याला किंवा करस्पाँडिंगला (पत्रव्यवहार बघणाऱ्या लेखकाला) ७० टक्के, बाकीच्यांना ३०. आधी तो हिशोब करा. आमच्या एका मित्राची फाइल याच्यावरच परत आली होती.

सेवानिवृत्त_सर
आणि जर्नल केअर यादीतलं (यूजीसीनं मान्य केलेल्या जर्नलांची यादी) आहे का तेही बघा.

उदगीरकर
सर, केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीतच बंद केली यूजीसीनं.

सेवानिवृत्त_सर
जुन्या पेपरांना जुनाच नियम लागणार. मी समित्यांवर बसलोय.

ग्रंथपाल_लातूर
मूळ प्रश्नाकडं येऊ. आकडे वेगळे येणारच. स्कॉलर प्रबंध, परिषदांची पुस्तकं, प्रीप्रिंट (तपासणीआधी नेटवर टाकलेले पेपर) असं नेटवर सापडेल त्यातली सायटेशन (संदर्भ) धरतं. स्कोपस फक्त त्यांनी निवडलेल्या जर्नलांतली, पुस्तकांतली आणि परिषदांतली. फॉर्मात रकान्याच्या वर स्रोत लिहिलाय का? नसेल तर दोन्ही आकडे लिहा, पुढं डेटाबेसचं नाव आणि तारीख टाका. पण १४ आणि ६ हा फरक जरा जास्तच वाटतो. पेपरांवर नाव कसंकसं छापलंय?

गोदाकाठ_नांदेड
लग्नाआधी माहेरचं आडनाव, नंतर सासरचं. काही ठिकाणी नुसतं इनिशियल.

ग्रंथपाल_लातूर
हे पहिल्यांदाच सांगायचं ना ताई! स्कोपसवर तुमचे दोन-तीन प्रोफाइल झाले असणार, प्रत्येकात थोडे थोडे पेपर. दोन्ही आडनावांनी शोधा आणि एकत्र करायची विनंती पाठवा. ओआरसीआयडी (संशोधकाचा ओळख क्रमांक) काढला नसेल तर आजच काढा, १६ अंकी आणि फुकट. त्यात 'इतर नावे' मध्ये माहेरचं नाव टाका. स्कॉलरवर उलटं होतं, सारख्या नावाच्या दुसऱ्यांचे पेपर आपल्यात घुसतात. यादी एकेक ओळ वाचा.

विषाणूवेडा
आकड्यांवर जाऊ नका हो. चांदीपुरा विषाणू १९६५ साली नागपूरजवळ सापडला, पुण्याच्या शास्त्रज्ञांचा पेपर १९६७ चा. २००३ ला आंध्रात मुलं दगावली, तेव्हा कुठं जग त्याच्याकडं वळलं. त्या शास्त्रज्ञांचा एच-इंडेक्स १९७० साली काढला असता तर काय आलं असतं? तसाही हा प्रकार २००५ चा, हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं काढलेला.

उदगीरकर
भाऊ, तिला फॉर्म भरायचाय.

जालना_शेतकरी
इथं व्हायरसवाले दिसायलेत म्हणून विचारतो. सोयाबीन पिवळं पडलंय, मोझॅक म्हणायलेत. कोणतं औषध मारू?

गोदाकाठ_नांदेड
दादा, पिकाच्या व्हायरसवर औषध नाही. पांढरी माशी तो पसरवती. रोगट झाडं लवकर उपटा, पिवळे चिकट सापळे लावा. आमचं काम भेंडीच्या केवड्यावर आहे, तिथंही हेच. सर, स्कॉलरची यादी वाचली. त्यात किडनीच्या आजारावरचे पेपर निघाले, ते आमचे नाहीत. काढू का?

सेवानिवृत्त_सर
आमचे म्हणजे?

गोदाकाठ_नांदेड
प्रोफाइल मॅडमचा आहे. मी त्यांच्याकडं पीएच.डी. करते.

सेवानिवृत्त_सर
म्हणजे मॅडमचं प्रमोशन, आणि फॉर्म विद्यार्थिनी भरणार! यांना स्वतःचे पेपर ओळखू येत नाहीत का?

उदगीरकर
सर, आम्ही तर गाइडच्या गॅसचा नंबर लावायचो. हे बरंय की.

ग्रंथपाल_लातूर
किडनीचे काढा, नक्की काढा. समितीत कोणी यादी उघडली तर पंचाईत. एकच पेपर दोनदा दिसत असेल तर दोन्हींवर खूण करून 'मर्ज' करा. स्कोपसची दुरुस्ती परवापर्यंत होईलच असं नाही, म्हणून विनंती पाठवल्याचा ईमेल फॉर्मला जोडा. पण स्कॉलरचं काम मॅडमच्या लॉगिनमधूनच होईल.

गोदाकाठ_नांदेड
तेच तर. पासवर्ड मॅडमकडंय, आणि त्या लग्नाला परळीला गेल्यात. फोन उचलेनात.