संसार थाटला की पंक संपतो का?

तीन कॉर्ड

पंक, म्हणजे बंडखोर, वेगवान रॉक, हे विशीतले संगीत आहे, लग्न झाले आणि घरात मूल आले की ते आपोआप सुटते, असे मला गेल्या दोन वर्षांत जवळच्या अनेकांनी सांगितले. त्यांतले काही एकेकाळी माझ्याच शेजारी स्टेजसमोरच्या गर्दीत घामाने निथळत उभे असायचे. मला हे मान्य नाही, आणि तुमची मते जाणून घ्यावीत म्हणून माझे म्हणणे या चर्चामंचावर ‘तीन कॉर्ड’ या टोपणनावाने मांडते.

माझी आणि माझ्या नवऱ्याची ओळख एका गिगनंतर, म्हणजे बँडच्या कार्यक्रमानंतर, सामान आवरताना झाली. गिटारची लांब केबल कोपराभोवती ताणून गुंडाळली की आतली तार पिळली जाते आणि लवकर तुटते. तो ती हातात सैल वेटोळी घेत, एक सुलट आणि एक उलट अशी, सावकाश गुंडाळत होता. केबल त्याची नव्हती, आमच्या आधी वाजवून गेलेल्या बँडची होती. मी त्याच्या प्रेमात पडले ती त्या क्षणी. येत नसले तरी सुरुवात करावी, सामान सगळ्यांनी मिळून उचलावे आणि नव्याने येणाऱ्यासाठी जागा करून द्यावी, हे मी पंककडून शिकले, आणि संसार करताना मला याच गोष्टी रोज उपयोगी पडतात.

मुलगी तान्ही असताना ती दूध पिऊन झोपली की आम्हाला जेमतेम अर्धा तास मिळायचा. रमोन्स या पंक बँडचा १९७६ चा पहिला अल्बम, चौदाच्या चौदा गाणी, तेवढ्यात ऐकून होतो. मायनर थ्रेट आणि फुगाझी या पंक बँडचा गायक इयन मकाय पुढे एमी फरिना हिच्याबरोबर द इव्हन्स या नावाने फक्त दोघांत वाजवू लागला. ते दोघे जोडीदार, आणि एका मुलाचे आईबाप. क्लब टाळून पुस्तकांच्या दुकानांत नि सामुदायिक सभागृहांत, बेताच्या आवाजात त्यांनी कार्यक्रम केले. त्या बेताच्या आवाजामुळे ते पंक राहिले नाहीत, असे कोण म्हणेल?

निशाचर

मी म्हणेन, आणि तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणेन. केबल नीट गुंडाळणारा माणूस चांगला असतो, यात वाद नाही. पण तसे कोणताही जबाबदार कारागीर करतो. प्रत्येक चांगल्या सवयीला पंक म्हणायचे ठरवले, तर त्या शब्दात काही उरणार नाही.

पंकच्या मुळाशी नकार आहे, आणि तो नकार लग्नाच्या स्वप्नापर्यंतही पोहोचला होता. क्रास या इंग्लिश बँडने १९८१ मध्ये एका साळसूद कंपनीच्या नावाआड लपून लग्नाचे एक गुळमट गाणे तरुणींच्या प्रेमकथांच्या मासिकाला देऊ केले, आणि मासिकानेही ते वाचकांना भेट म्हणून जाहीर केले. खुलासा झाला तेव्हा लोकांच्या लक्षात आले की त्यांचा सगळा रोख मुलींना विकल्या जाणाऱ्या त्या स्वप्नावर होता. ही माणसे एसेक्समधल्या एका जुन्या घरात एकत्र राहत आणि दार येणाऱ्याजाणाऱ्याला उघडे ठेवत. घर त्यांनाही हवे होते, पण चार भिंतींआड मिटून घेणारा संसार नको होता.

माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. एकट्या माणसाला वरिष्ठांच्या तोंडावर नाही म्हणता येते, कारण त्यानंतर उपाशी राहायचे तर त्यालाच राहायचे असते. मूल असलेल्याला तो अधिकार उरत नाही, कारण त्याच्या नकाराची किंमत लहान जिवाला मोजावी लागते. ज्याने हे ओळखून मान खाली घातली, त्याला मी दोष देणार नाही. उलट, तसे त्याने करायलाच हवे. मात्र त्या मान खाली घालण्याला पंक म्हणू नका, एवढेच माझे मागणे आहे. मी स्वतः मूल होऊ दिले नाही ते याच कारणाने. तो निर्णय सोपा नव्हता, आणि त्यापायी एक नातेही संपले.

कावेरी

तुम्ही दोघेही सरसकट "संसार" म्हणता. मला विचारायचे आहे की त्या संसारात घरी कोण थांबते? मी सात वर्षे बेस गिटार वाजवत होते. बाळंतपणानंतर काही महिन्यांतच डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवरचे घट्टे गेले आणि कातडी मऊ पडली. एका रात्री बाळाला थोपटताना मला ते प्रथम जाणवले, आणि मी अंधारात अंगठ्याने ती चारही बोटे एकेक करून चाचपून पाहिली. माझा जोडीदार त्या रात्री दुसऱ्या गावी ड्रम वाजवत होता. त्याचे प्रेम खरे आहे, पण त्याच्या हातांवरचे घट्टे शाबूत राहिले.

२०११ मध्ये पंक बँडमधल्या बापांवर एक माहितीपट आला होता. पेनीवाइज या बँडचा गायक जिम लिंडबर्ग, तीन मुलींचा बाप, त्याच्या केंद्रस्थानी होता. दौरा आणि घर यांत होणारी त्याची ओढाताण पाहून माझेही डोळे भरून आले, आणि तरीही दौऱ्यावर असताना त्या मुलींजवळ कोण होते, हा प्रश्न मनातून गेला नाही. एक्स-रे स्पेक्स या पंक बँडची गायिका पॉली स्टायरीन हिची मुलगी काही वर्षे आजीकडे वाढली. पॉली २०११ मध्ये गेली, आणि सुमारे दहा वर्षांनी आलेल्या तिच्यावरच्या माहितीपटाच्या दिग्दर्शनात ही मुलगीच सहभागी होती. बाप गायक असला तर त्याच्या धडपडीचे कौतुक होते, आई गायिका असली की ती आई म्हणून कशी होती हे आधी विचारले जाते. या बाबतीत पंक इतर जगापेक्षा वेगळा वागला, असे मला दिसलेले नाही.

एकलव्य

मी ध्वनियंत्रणा सांभाळतो, म्हणून एकच गोष्ट सांगतो. कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालेल असे मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला जेमतेम पाव तास उरतो. गिगमध्ये १०० सहज ओलांडले जातात, आणि हा हिशेब मोठ्यांच्या कानांचा आहे. मूल कडेवर घेऊन स्पीकरजवळ फोटो काढणारे आईबाप मी पाहिले आहेत. कानावर बसणारे मफ घाला, मागे उभे राहा, आणि मफ नसतील तर बाळाला आणू नका.

तीन कॉर्ड

एकलव्य, आमची मुलगी अजून एकाही गिगला आलेली नाही, आणि इतक्यात येणारही नाही.

निशाचर, तुमचा नकाराचा मुद्दा मला रात्रभर छळत होता. क्रासचा रोख विकल्या जाणाऱ्या स्वप्नावर होता, हे तुम्हीच लिहिले आहे, आणि त्या स्वप्नाला आम्हीही नाही म्हटले. तुम्ही म्हणता तो नोकरीतला नकार मात्र मी खरेच गमावला आहे. गेल्या वर्षी एका कामाला नाही म्हणायला हवे होते आणि मी हो म्हटले. त्याला मी पंक म्हणणार नाही, तुमचे बरोबर आहे. पण ते एक हो म्हटल्याने बाकी सगळे खोटे ठरते, हे मला पटत नाही.

कावेरी, आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. एक आठवडा रियाजाचा हक्क त्याचा आणि एक माझा.

निशाचर

बाकी सगळे खोटे ठरते, असे मी म्हटलेले नाही. शब्द जपून वापरावा, एवढाच माझा आग्रह आहे, आणि तो कायम आहे.

कावेरी

तो कागद आमच्याही फ्रिजवर होता. तुमच्या आठवड्यात मुलीला ताप आला, तर रियाज कोण सोडते?

तीन कॉर्ड

पहिल्या दोन वेळा मी सोडला, आणि त्याच्या ते लक्षातही आले नाही. तिसऱ्या वेळी मी गिटार उचलून दाराबाहेर पडले आणि जिन्यात पाच मिनिटे रडत उभी राहिले. मग गेले.