अनुभव धागा: इचिरानच्या खणात एकट्यानं रामेन

इचिरान ही जपानातल्या फुकुओका शहराची रामेनची, म्हणजे सूपमधल्या नूडल्सची, साखळी. सूप तोंकोत्सु, म्हणजे डुकराच्या हाडांचं, आणि बसायला दोन्ही बाजूंनी फळ्या लावलेला एकेका माणसाचा खण. एकट्यानं जेवणाऱ्याला जपानीत 'ओहितोरीसामा' असं आदरानं म्हणतात, आणि ही जागा खास त्याच्यासाठी केल्यासारखी आहे. पण खणात बसल्यावर विचारायला समोर कुणी नसतं, त्यामुळे आधी माहिती असलेली बरी. जाणकारांनी प्रवासवर्णन न लिहिता नेमकं काय करायचं ते सांगा.

*

सुरुवात दारातल्या तिकीट यंत्रापासून. आधी पैसे, मग बटण. रामेन, जादा नूडल्स, अंडं, प्रत्येकाचं वेगळं तिकीट निघतं. हजार येनच्या नोटा जवळ ठेवाच. जपानात जुलै 2024 मध्ये नव्या नोटा आल्या तेव्हा कितीतरी उपाहारगृहांची जुनी यंत्रं त्या घेईनात. आत गेलात की भिंतीवर दिव्यांचा फलक असतो, कुठला खण रिकामा आहे ते त्यावर दिसतं. प्यायच्या पाण्याचा नळ खणातच असतो, पेला घेऊन स्वतः भरायचा.

*

खरी गोम खणात भरायच्या मागणीच्या कागदावर आहे, रामेन कशी हवी ते त्यावर गोल करून सांगायचं. सात प्रश्न असतात: चवीची तीव्रता, स्निग्धपणा, लसूण, कांद्याची पात, डुकराच्या मांसाचे काप (चाशू), लाल मसाला, नूडल्सचा कडकपणा. पहिले दोन एकच समजून लोक फसतात. तीव्रता म्हणजे सूपचा खारटपणा आणि मुरलेपणा, स्निग्धपणा म्हणजे वरची चरबी. दोन्हींवर 'जास्त'ला गोल केला तर अर्ध्या वाडग्यातच जीभ बधिर होते. पहिल्या खेपेला दोन्ही मध्यम ठेवा. लसूण अर्ध्या पाकळीपासून सुरू करा. पातीत पांढरी की हिरवी हे निवडता येतं. हिरवी घ्या, जड सूपला तीच हलकं करते.

लाल मसाल्याबद्दल मुद्दाम सांगते. ठेच्याला सरावलेल्या माणसाचा हात थेट दहापटीकडे जातो, आणि मग सूपची चवच लागत नाही. दुप्पट पुष्कळ झालं. मसाला वाडग्याच्या मधोमध लाल गोळ्यासारखा येतो. तो लगेच ढवळू नका. कडेचं पांढरं सूप आधी दोन-तीन चमचे प्या, मग थोडा थोडा मिसळत जा.

कागद भरला की समोरचं बटण दाबा. बांबूच्या पडद्याखालून हात येतो, कागद आणि तिकीट घेतो. वाडगा ठेवला की वाढणारा वाकून नमस्कार करतो आणि पडदा खाली सोडतो. त्यानंतर तुम्ही आणि वाडगा. सुर्र करून ओढून खा, तिथे ते वाईट दिसत नाही, आणि गरम नूडल्स तशाच खाव्या लागतात.

*

वर नूडल्सचा कडकपणा राहिला. हाकाताच्या, म्हणजे फुकुओकाच्याच, नूडल्स बारीक आणि सरळ, पीठ कमी पाण्यात मळलेलं. त्यामुळे शिजतात चटकन आणि सूपमध्ये फुगतातही चटकन. सावकाश खाणाऱ्यानं 'कडक' निवडावं, शेवटच्या घासापर्यंत त्या बरोबर होतात. 'मऊ' घेतल्या तर अर्ध्यातच लगदा.

याच कारणानं वाढप लहान असतो आणि नूडल्स पुन्हा मागायच्या. त्याला काएदामा म्हणतात. ही फुकुओकातल्या नागाहामाच्या मासळीबाजारातली पद्धत, घाईत असलेल्या कामगारांसाठी पडलेली. दोन घास उरले की लगेच मागा, सगळं संपल्यावर नको, नाहीतर सूप निवतं. निम्मं सूप तरी वाडग्यात राहू द्या. नव्या नूडल्सबरोबर थोडं पाणीही येतं, सूप कमी असेल तर चव एकदम पातळ होते. पोटाचा अंदाज नसेल तर अर्धा काएदामा मिळतो. तिकीट आधी घेतलं नसेल तरी अडत नाही: खायच्या काड्यांच्या (चॉपस्टिक्सच्या) कागदी पाकिटावर जादा मागणीची जागा असते, तिथे खूण करून पैशांसकट द्यायचं.

*

अंडं घेतलंत तर ते अख्खं, सालासकट येतं. आतला बलक मऊ असतो, जोरात आपटलं तर फुटून हातावर येतो. रामेन यायच्या आत सोलून ठेवा.

*

दोघं असाल तर मधली फळी आत दुमडता येते.

*

शाकाहाऱ्यांसाठी स्पष्ट लिहितो, कारण यात फसगत होते. कागदावर 'चाशू नको' लिहिलं तरी सूप हाडांचंच राहतं. म्हणून सोबाच्या (कुट्टूच्या पिठाच्या नूडल्सच्या) दुकानात जाऊ म्हणाल, तर तिथल्या रश्शात बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो, वर नुसती पात दिसली तरी. तोक्यो स्टेशनात, तिकीट फाटकांच्या आत, 'टीज तानतान' हे पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे. तिथला तिळाचा रस्सा दाट आणि खमंग असतो, आणि एकट्यानं बसायलाही अवघडल्यासारखं होत नाही.