८डीमध्ये (कस्टमरच्या तक्रारीवर द्यायच्या आठ पायऱ्यांच्या रिपोर्टमध्ये) दरवेळी 'ऑपरेटरची चूक', तरी तक्रार परत येतेच. खरं कारण कसं शोधू?

भोसरीकर: छोट्या मशिनशॉपमध्ये क्वालिटीला आहे. अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, बोअर (आतलं गोल भोक) ६२ एच७, म्हणजे ६२ मिमीवर ० ते +३० मायक्रॉन चालतं. कस्टमरकडून 'बोअर अंडरसाइज', म्हणजे मापापेक्षा लहान, म्हणून माल परत येतोय, जास्त करून सेकंड शिफ्टचा. आमच्या रेकॉर्डला सगळे जॉब ओके. साहेब ८डीत लिहायला लावतात, "ऑपरेटरचं दुर्लक्ष, समज दिली." ज्याला मेमो मिळाला तो पोरगा सगळ्यांत नीट काम करतो. मला हे पटत नाही. सुरुवात कुठून करू?

दिलखुलास: टीमला घेऊन बसा, इशिकावांचा फिशबोन, म्हणजे कारणांची माशाच्या काट्यासारखी आकृती, काढा. माणूस, मशीन, मटेरियल, मेथड, मोजमाप.

टूलरूमवाली: फिशबोन नंतर. एसीत बसून काढलात तर सगळे काटे माणसाकडेच जातील. आधी सेकंड शिफ्टला मशीनपाशी उभे राहा.

तुमच्याकडे ओके आणि कस्टमरकडे नॉट ओके, तर पहिला संशय मोजमापावर घ्या. जॉब मशीनच्या चकमधून (पकडीतून) निघाल्या निघाल्या हातात घेऊन बघा. गरम लागतोय? अ‍ॅल्युमिनियम मीटरला दर अंशामागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. जॉब मास्टर रिंगपेक्षा (जिच्यावर गेज सेट करतो ती रिंग) १५ अंशांनी गरम असेल तर ६२च्या बोअरवर जवळपास २१ मायक्रॉनचा फरक पडतो. गेजवर +१० दिसलेला बोअर थंड झाल्यावर उणे ११.

पण 'गरम जॉब मोजला' एवढं लिहून थांबू नका, नाहीतर पुन्हा त्याच पोराच्या माथी. टोयोटाच्या ताइइची ओहनोंचं उदाहरण आठवा, प्रत्येक उत्तरावर पुन्हा 'का' विचारायचं: मशीन बंद, कारण फ्यूज उडाला, कारण लोड वाढला, बेअरिंगला तेल कमी, पंप नीट ओढत नाही, पंपाचा शाफ्ट झिजलेला, आणि शेवटी निघालं काय, तर गाळणीच नव्हती म्हणून धातूचा कचरा आत जात होता. माझ्या मते 'का'चं उत्तर माणसाच्या नावावर आलं की अजून एकदा 'का' विचारायचाच.

भोसरीकर: ताई, काल थांबलो. जॉब चांगलाच तापलेला होता. कूलंटची (कटिंग करताना जॉब थंड ठेवणाऱ्या द्रवाची) धार अगदी बारीक, टाकीची लेव्हल खाली, जाळीला धातूच्या चिप्स चिकटलेल्या. टॉप-अप का नाही? ड्रम स्टोअरमध्ये. स्टोअर साडेपाचला बंद, किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात. पोरगा म्हणाला, "सर, मी दोनदा सांगितलं होतं." तोंडीच, त्यामुळे नोंद कुठेच नाही.

टूलरूमवाली: मग ८डीत किल्लीचं जसंच्या तसं लिहा. सेकंड शिफ्टसाठी कूलंट लाइनवर ठेवा, जाळी साफ करायचं शिफ्टच्या चेकशीटमध्ये घाला, आणि जॉब थंड झाल्याशिवाय बोअर मोजायचा नाही हे कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कसं तपासायचं त्या लेखी नियमांत) येऊ द्या. मेमो मागे घ्यायला साहेबांना लेखी सांगा, ते राहता कामा नये. आणि स्टोअरला पडून असलेला तयार माल उद्याच पुन्हा मोजा. त्यातही अंडरसाइज निघणार.